पराभवाच्या शाळेत घडलेला सेनानी

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील स्मारक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळातील वीरांचे ते स्मारक. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईतांनी पॅलेस्टाइनमधील हैफा शहर तुर्कांच्या हातून जिंकून घेतले. त्या पराक्रमाची आठवण म्हणून २०१८ मध्ये या चौकाच्या नावात ‘हैफा’ हा शब्द जोडण्यात आला. मात्र त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, २६ ऑक्टोबरला, हेच स्वार सीरियातील अलेप्पो शहराच्या उत्तरेस हरितान या गावापाशी पुन्हा तुर्कांवर चालून गेले, हे फारसे सांगितले जात नाही. आपल्या स्वारांच्या शौर्यात तेथेही उणे नव्हते. परंतु तेथे तुर्कांची फळी फुटली नाही.

सारे उस्मानी सैन्य उधळले असताना ही एकच फळी उभी कशी राहिली? तिच्यामागे ३७ वर्षांचा एक सेनापती होता. त्याचे नाव मुस्तफा केमाल. चारच दिवसांनी उस्मानी साम्राज्याने युद्धविराम पत्करला आणि पाच वर्षांनी हाच सेनापती तुर्की प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. विजयी सैन्यात अधिकारी मोठे होतात, यात नवल नाही. केमाल पाशा मोठे झाले ते वर्षानुवर्षे हरत चाललेल्या सैन्यात. ते कसे, याचा विचार आज करावयाचा आहे.

मुस्तफाचा जन्म १८८१ मध्ये सालोनिका येथे झाला. आज ग्रीसमध्ये असलेले हे बंदर त्या वेळी उस्मानी साम्राज्याचे एक समृद्ध शहर होते. तुर्क, ग्रीक, ज्यू, बल्गेरियन असे अनेक समाज तेथे नांदत होते. वडील अली रिझा जकात खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी लाकडाचा व्यापार केला. आई झुबेदे हानिम धर्मनिष्ठ आणि करारी. मुलाने मोहल्ल्यातील धार्मिक शाळेत जावे, असा आईचा आग्रह. नव्या पद्धतीच्या शाळेत जावे, असा वडिलांचा. अखेर आईच्या समाधानासाठी मुलाला रीतीप्रमाणे धार्मिक शाळेत बसविण्यात आले आणि काही दिवसांतच वडिलांनी त्याला शेम्सी एफेंदी यांच्या आधुनिक शाळेत घातले. पुढे साऱ्या देशात जो वाद पेटणार होता, तो त्या घरात आधीच एकदा होऊन गेला होता.

मुस्तफा सात वर्षांचा असताना वडील वारले. घरची परिस्थिती खालावली. आई मुलांना घेऊन भावाच्या शेतावर राहावयास गेली. भावी राष्ट्राध्यक्षाचे तेथील काम होते शेतातील कावळे हाकलण्याचे. शिक्षणाची आबाळ पाहून आईने त्याला पुन्हा शहरात पाठविले. पण तेथील शाळेत एका शिक्षकाने त्याला बेदम मारले आणि आजीने त्याचे नाव काढून घेतले. शेजारच्या घरातील मुलगा लष्करी शाळेच्या गणवेशात ऐटीत जाताना मुस्तफा रोज पाहत असे. एकुलत्या एका मुलाने सैन्यात जाऊ नये, ही आईची इच्छा त्याला ठाऊक होती. त्याने तिला न सांगताच प्रवेशपरीक्षा दिली. उत्तीर्ण झाल्यावरच ही गोष्ट आईच्या कानी गेली. ते वर्ष १८९३ होते.

त्या शाळेत गणित हा त्याचा आवडीचा विषय. गणिताच्या शिक्षकांचेही नाव मुस्तफाच होते. दोघांत फरक राहावा म्हणून गुरूने शिष्याच्या नावापुढे ‘केमाल’ म्हणजे ‘परिपूर्णता’ हा शब्द जोडला. तेच नाव पुढे जगाला माहीत झाले. त्यानंतर मोनास्तिरचे लष्करी विद्यालय, १८९९ मध्ये इस्तंबूलचे युद्ध महाविद्यालय आणि १९०५ मध्ये स्टाफ कॅप्टनचा हुद्दा अशी वाटचाल झाली. पण पदवी हाती पडते न पडते तोच तुरुंगही वाट्याला आला. सुलतान अब्दुल हमीदच्या एकतंत्री राजवटीविरुद्ध गुप्त बैठका घेतल्याचा आरोप होता. काही महिन्यांनी सुटका झाली ती दूर दमास्कसला बदलीच्या हुकुमासह.

दमास्कसमध्ये तरुण केमालांना साम्राज्याचे खरे रूप दिसले. अधिकारी लाचखोर, सैनिकांचे पगार थकलेले आणि प्रजेला राज्य आपले वाटत नसलेले. तेथे त्यांनी ‘वतन आणि स्वातंत्र्य’ या नावाची एक गुप्त संघटना स्थापली. पुढे १९०८ मध्ये ‘तरुण तुर्कां’ची क्रांती झाली. केमाल त्या पक्षात होते. पण १९०९ च्या अधिवेशनात त्यांनी नेत्यांना न रुचणारी गोष्ट मांडली. अधिकाऱ्यांनी एक तर राजकारण करावे किंवा सैन्यात राहावे. दोन्ही एकदम करू पाहणारे सैन्यही बिघडवतात आणि पक्षही, हे त्यांचे म्हणणे. पक्षश्रेष्ठींनी ते मनावर घेतले नाही. एन्वर पाशांसारखे सहकारी झपाट्याने वर चढत गेले. केमाल मात्र मागे राहिले.

१९११ मध्ये इटलीने लिबियावर आक्रमण केले. केमाल पत्रकाराचे सोंग घेऊन इजिप्तमार्गे तेथे पोहोचले आणि स्थानिक अरब टोळ्यांना हाताशी धरून लढले. ती लढाई चालू असतानाच १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले आणि नोव्हेंबरमध्ये सालोनिका ग्रीक सैन्याच्या हाती पडले. ज्या घरात जन्म झाला, ज्या रस्त्यांवरून शाळेत गेले, ते सारे एका दिवसात परक्या राज्यात गेले. आई आणि बहीण मकबुले निर्वासित होऊन इस्तंबूलला आल्या. मातृभूमी गमावणे म्हणजे काय, हे केमालांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांच्या घरात घडले होते.

१९१४ मध्ये एन्वर पाशांनी साम्राज्याला जर्मनीच्या बाजूने महायुद्धात लोटले. सोफियात लष्करी प्रतिनिधी असलेल्या केमालांना हा निर्णय घातक वाटत होता. तरीही युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी आघाडीवर काम मागितले. मिळाली ती १९ वी डिव्हिजन, जी अजून पुरती उभीही राहिली नव्हती.

२५ एप्रिल १९१५. गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर ब्रिटिश साम्राज्याच्या सेना उतरल्या. अरिबर्नूच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक उतरले. त्यांच्यासोबत कोहाट आणि जेकबच्या भारतीय पहाडी तोफखान्याचे जवानही होते. तुर्कांचे जर्मन सेनापती लिमान फॉन सँडर्स यांना मुख्य हल्ला उत्तरेकडे होईल असे वाटत होते. केमालांची डिव्हिजन राखीव होती. शेजारच्या सेनाधिकाऱ्याने तिच्याकडे फक्त एक बटालियन मागितली. केमालांनी नकाशा पाहिला आणि ओळखले, की चोंकबायरची टेकडी ज्याच्या हाती, त्याचे द्वीपकल्प. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता ते ५७ वी रेजिमेंट संपूर्ण घेऊन निघाले.

टेकडीवर त्यांना माघारी पळणारे तुर्की सैनिक भेटले. काडतुसे संपली होती. संगिनी तर आहेत ना, असे विचारून केमालांनी त्यांना संगिनी लावून जमिनीवर आडवे होण्यास सांगितले. समोरचे ऑस्ट्रेलियनही सावधपणे आडवे झाले. मागून येणाऱ्या रेजिमेंटला हवा होता तेवढा वेळ मिळाला. ‘त्या क्षणी लढाई जिंकली गेली,’ अशा आशयाचे केमालांनी नंतर सांगितले आहे. त्या दिवशी त्यांनी सैनिकांना दिलेला हुकूम प्रसिद्ध आहे : हल्ला करण्याचा नव्हे, मरण्याचा हुकूम देत आहोत, आपण मरेपर्यंतच्या वेळात दुसरे सैनिक आणि सेनानी आपली जागा घेतील. ५७ व्या रेजिमेंटने तो हुकूम अक्षरशः पाळला. ते बलिदान तुर्कस्तान आजही विसरलेला नाही.

ऑगस्टमध्ये शत्रूने नवा हल्ला चढविला, तेव्हा संपूर्ण अनाफार्ता क्षेत्राची सूत्रे केमालांकडे आली. ६ व्या गुरखा पलटणीचे जवान ९ ऑगस्टला डोंगराच्या माथ्यावर पोहोचले होते, एवढा तो प्रसंग बिकट होता. १० ऑगस्टच्या पहाटे केमालांनी चोंकबायरवर प्रतिहल्ला केला. तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या छातीवर आदळला. खिशातील घड्याळाचा चुराडा झाला, म्हणून प्राण वाचले. जानेवारी १९१६ पर्यंत ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य द्वीपकल्प सोडून गेले. १९१६ मध्ये केमाल ‘पाशा’ झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी रशियनांकडून मूश आणि बितलिस परत घेतले. या पूर्व प्रांतांत आदल्या वर्षी राज्यकर्त्यांच्या हुकुमाने लाखो आर्मेनियनांची हद्दपारी आणि कत्तल झाली होती. केमाल त्या वेळी गॅलिपोलीत होते. पण ज्या राज्यासाठी ते लढत होते, त्याच्यावरील हा डाग इतिहासाने पुसलेला नाही.

सप्टेंबर १९१७ मध्ये सीरियातून केमालांनी वरिष्ठांना एक अहवाल पाठविला. जनता थकली आहे, प्रशासन कोसळले आहे, जर्मनांच्या महत्त्वाकांक्षेसाठी तुर्की सैनिक खर्ची पडू नयेत, असा त्याचा मथितार्थ. कोणी ऐकले नाही, तेव्हा त्यांनी सेनापतिपद सोडले. वर्षभरात त्यांचे म्हणणे खरे ठरले. पुन्हा बोलावणे आले, ते माघार सांभाळण्यासाठी. हरितानची फळी ही त्या माघारीची अखेर. त्यांनी अरब प्रांत वाचविण्याचा हट्ट धरला नाही. हाती उरलेली माणसे वाचवून अनातोलियाच्या वेशीवर आणली.

१३ नोव्हेंबर १९१८ रोजी केमाल पाशा इस्तंबूलला पोहोचले, त्याच दिवशी दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका बंदरात शिरल्या. १५ मे १९१९ ला ग्रीक सैन्य स्मर्ना येथे उतरले. दुसऱ्याच दिवशी केमाल एका जुनाट बोटीतून निघाले आणि १९ मे रोजी काळ्या समुद्रावरील सामसुन बंदरात उतरले. सुलतानाने त्यांना पाठविले होते शांतता राखून शस्त्रे गोळा करण्यासाठी. त्यांनी माणसे गोळा करण्यास आरंभ केला. परत येण्याचे हुकूम सुटले. ८ जुलैच्या रात्री एर्झुरूमच्या तारघरातून इस्तंबूलशी शेवटची तारायंत्री चकमक झाली आणि केमालांनी सैन्याचा राजीनामा दिला.

श्रोतेहो, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड क्षण तो होता. ज्या गणवेशासाठी बारा वर्षांच्या मुलाने आईपासून परीक्षा लपविली, तो गणवेश उतरला. पद नाही, सैन्य नाही, पगार नाही. सरकारने त्या भागातील सेनापती काझिम काराबेकिर यांना केमालांच्या अटकेचा हुकूम धाडला. काराबेकिर आले, त्यांनी खाड्कन सलाम ठोकला आणि सांगितले, की ते स्वतः आणि त्यांचे सारे सैन्य पूर्वीप्रमाणेच पाशांच्या आज्ञेत आहे. सलाम हुद्द्याला असतो. त्या दिवशी तो कर्तृत्वाला होता.

त्यानंतर केमालांनी प्रथम एर्झुरूम आणि सिवास येथे परिषदा भरविल्या, २३ एप्रिल १९२० रोजी अंकाऱ्यात लोकसभा स्थापन केली आणि तिच्या आधारे सेना उभारली. जुलै १९२१ मध्ये ग्रीकांनी मोठा विजय मिळविला, तेव्हा एस्किशहर सोडून साकार्या नदीच्या पलीकडे हटण्याचा निर्णय त्यांनी घेतला. सभागृहात संतापाची लाट उसळली. त्यांनी उत्तर दिले ते जबाबदारी स्वीकारून. सभेने त्यांना तीन महिन्यांच्या मुदतीने सरसेनापती केले. प्रत्येक घराने सैनिकांसाठी एक जोड अंतर्वस्त्रे, मोजे आणि पादत्राणे द्यावीत, असा हुकूम निघाला. खेड्यांतील स्त्रियांनी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून बैलगाड्यांतून दारूगोळा वाहिला. २३ ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत, २२ दिवस आणि २२ रात्री साकार्याची लढाई चालली. घोड्यावरून पडून मोडलेल्या बरगडीची वेदना सोशीत केमाल सूत्रे हलवीत होते. बचावाची रेषा नसते, बचावाचे क्षेत्र असते आणि ते क्षेत्र म्हणजे सारा देश, हे तत्त्व त्यांनी येथे सैन्यापुढे ठेवले. ग्रीक मागे हटले. पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला दुमलूपिनार येथे निर्णायक विजय मिळाला आणि ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की सेना स्मर्नात शिरली. त्या विजयानंतर शहरात आगीचे तांडव झाले आणि ग्रीक व आर्मेनियन वस्त्या बेचिराख झाल्या, हेही नोंदविलेच पाहिजे.

२९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक घोषित झाले आणि केमाल पाशा राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या खलिफापदासाठी हिंदुस्थानात खिलाफतीची चळवळ झाली, ते पद ३ मार्च १९२४ रोजी तुर्कांच्याच सभेने केमालांच्या पुढाकाराने रद्द केले. त्यांची राजवट एकपक्षीय झाली. ज्या काराबेकिरांनी सलाम केला होता, त्यांनी विरोधी पक्ष काढला तेव्हा तो १९२५ मध्ये बंद पाडण्यात आला. मोठ्या माणसांचे मोजमाप करताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मग या साऱ्या वाटचालीतून हाती काय राहते? एन्वर पाशा साम्राज्याचे स्वप्न उराशी धरून बसले आणि १९२२ मध्ये मध्य आशियात एका चकमकीत मारले गेले. केमाल पाशांनी काय राखता येईल आणि काय सोडावे लागेल, याचा हिशेब पराभवांतून शिकून घेतला. त्यांनी अरब प्रांत सोडले, आणि ज्या सालोनिकात जन्म झाला, त्या सालोनिकावरही पुन्हा कधी सैन्य पाठविले नाही. साम्राज्य सोडण्याचे धैर्य होते, म्हणून राष्ट्र हाती राहिले. १९१९ मध्ये स्मर्नावर सेना धाडणारे ग्रीक नेते व्हेनिझेलोस यांनीच १९३४ मध्ये शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी केमालांचे नाव सुचविले. सालोनिकातील ते जुने घर आज तुर्की वकिलातीच्या आवारात संग्रहालय म्हणून उभे आहे. ते परक्या देशात आहे, आणि तरीही जपलेले आहे.