तळहाताएवढ्या रबरावर गाव गाठताना

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून एरवी संतसाहित्य, मधुमेह नाहीतर निवृत्तीनंतरची गुंतवणूक अशा विषयांवर बोलणे होते. यंदा मोटरसायकलच्या टायरवर व्याख्यान आहे हे ऐकून मागच्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मला इथून दिसते आहे. पण विषयाला कारण आहे. आपल्यातली पाच-सहा तरुण मंडळी, त्यांत दोन जोडपी, दिवाळीला मोटरसायकलवरून नागपूरला आणि तिथून पुढे पुण्याला जायचे म्हणतात. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही हे एक कारण, आणि वय हे दुसरे. त्यांच्या घरची माणसे माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षे गाडीवर फिरता, यांना जरा समजवा." जाऊ नका असे मी सांगणार नाही, कारण मी स्वतः जातो. कोणत्या टायरवर जावे आणि त्या टायरशी कसे वागावे, एवढेच सांगणार आहे.

आधी रस्ता पाहू. लखनौ, कानपूर, काळपी, उरई, झाशी, ललितपूर, सागर, नरसिंहपूर, लखनादौन, सिवनी आणि नागपूर. साधारण नऊशे किलोमीटर. वाटेत डावी-उजवीकडे बिठूर आहे, जालौन आहे, झाशी तर आहेच, पुढे गोविंदपंत बुंदेल्यांचे सागर. म्हणजे आपली माणसे या वाटेने अडीचशे-तीनशे वर्षे ये-जा करताहेत. निघण्यापूर्वी ते घोड्याचे नाल तपासून घेत असतील. आपण मात्र सीट कव्हर, मोबाईलचा स्टँड आणि रंगीत लाइट यांवर खर्च करतो आणि टायर पाहायचे राहून जाते. धावत्या मोटरसायकलचे प्रत्येक चाक जमिनीला साधारण तळहाताएवढ्याच जागेत टेकलेले असते. अशा दोन तळहातांवर नवरा, बायको, सामान आणि गाडी मिळून साडेतीनशे किलो नऊशे किलोमीटर जायचे आहे.

टायरचे ढोबळ तीन प्रकार धरा. एक शर्यतीच्या वळणाचा : मऊ रबर, जबरदस्त पकड, पण आयुष्य कमी आणि थंड असताना नीट काम न करणारा. दुसरा रोजच्या ऑफिसचा : कडक रबर, वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की पोटात गोळा आणतो. यांच्या मधला तो स्पोर्ट-टूरिंग. लांब पल्ल्याला टिकला पाहिजे, पावसात धरला पाहिजे, घाटात गाडी कलंडली तरी विश्वास वाटला पाहिजे आणि डबल सीट सामानासकट ओझे पेलले पाहिजे. या चारही गोष्टी एकाच रबरात पुऱ्या बसत नाहीत. म्हणून कारखानदार मधल्या पट्ट्यात कडक आणि दोन्ही कडांना मऊ असे दोन प्रकारचे रबर वापरतात. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो, तो कडक हवा. वळणावर कड टेकते, ती मऊ हवी. शिवाय रबरात सिलिका मिसळतात, त्याने ओल्यात आणि थंडीत पकड सुधारते.

मिशलिनची रोड मालिका (रोड ५ हा २०१८ चा, रोड ६ हा २०२२ चा), पिरेलीचा एंजल जीटी, मेट्झलरचा रोडटेक ०१ ही या जातीतली जगभर मानलेली नावे. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित केली, तेव्हापासून परदेशी टायर हव्या त्या मापात आणि हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही. मिळाला तरी किंमत देशी टायरच्या दुप्पट-तिप्पट. मोठ्या, महागड्या गाड्यांना दुसरा मार्गच नसतो, त्यांचे सोडा. आपल्या मुलांकडे आहेत त्या चाकणच्या डोमिनार, केटीएम, किंवा रॉयल एनफील्ड. यांच्यासाठी अपोलोचा अल्फा एच १, एमआरएफचा रेव्ह्झ, सिएट आणि युरोग्रिपचे रेडियल टायर मिळतात आणि माझ्या मते या प्रवासाला ते पुरेसे आहेत. नागपूरकरांसाठी एक गंमत सांगतो. सिएट हे नाव मुळात इटलीतल्या तुरिन शहराचे, कंपनी १९२४ ची. आज तिचा दुचाकी टायरांचा कारखाना आपल्या बुटीबोरीत आहे. म्हणजे टायर माहेरी चाललाय असे समजा! असो.

निवडताना स्वतःशी खरे बोला. जानकीपुरमहून हजरतगंजला रोज जायचे-यायचे म्हणजे वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर शहरातच झाले, आणि गावची एक खेप धरली तर आणखी अठराशे. म्हणजे तुमचा टायर तीन चतुर्थांश आयुष्य टेढी पुलियाच्या गर्दीत आणि इंजिनिअरिंग कॉलेज चौराह्याच्या सिग्नलला काढणार आहे. त्यातही आपल्या बाजूचा एक खास प्रकार आहे : नोव्हेंबरपासून सीतापूर रोडवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. रस्त्यावर चिपाडे, शेतातला चिखल, वर धुके आणि पहाटेचे दव. कोरडा रस्ता पण वरून तेलकट. तिथे मला शर्यतीचा टायर नको आणि दगडासारखा कडक टायरही नको. थंड रबरानेही धरले पाहिजे, म्हणून मधल्या जातीचा घेतो. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो हे गृहीत धरूनच हिशोब करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेवढा दिलासा.

आता टायरच्या अंगावरचे लिखाण वाचायला शिका. डोमिनारचा मागचा टायर घ्या : १५०/६० आर १७, ६६ एच. दीडशे मिलिमीटर रुंदी, उंची त्याच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल, सतरा इंची रिम. ६६ हा आकडा ओझ्याचा, त्याचा अर्थ ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढच्या टायरवर ५४ असते, म्हणजे २१२ किलो. दुकानदार "यही लगा लीजिए, सब लगवाते हैं" म्हणून वेगळे माप पुढे करील. ओझ्याचा आणि वेगाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. आणि रुंद टायरचा शौक नको. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, गोलाई बिघडते, आणि गाडी रुबाबदार दिसते पण वळायला जड होते. पुढे एक आणि मागे दुसऱ्या बांधणीचा टायर, म्हणजे एक रेडियल आणि एक साधा, हा मेळही गाडीच्या कंपनीने सांगितल्याखेरीज करू नये.

त्याच बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. रबर वापरले नाही तरी उन्हाने आणि हवेने कडक होत जाते. शहरातल्या एका दुकानात मला चाळीस टक्के सूट सांगितली, वाकून पाहिले तर टायर जवळजवळ पाच वर्षांचा. सूट टायरला नव्हती, म्हातारपणाला होती. मी दोन्ही हात जोडून बाहेर पडलो. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराला दाखवावा, दहा वर्षांचा झाला तर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा. आयएसआयची खूणही पाहून घ्यावी, ती आपल्याकडे सक्तीची आहे.

आता हवा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगला टायर घेऊनही माणसे इथे घात करून घेतात.

आपल्या उत्तर प्रदेशात मे-जूनमध्ये जवळजवळ प्रत्येक पंक्चरवाला एकच सल्ला देतो : "गर्मी है साहब, दो-चार पॉइंट कम रखिए, नहीं तो फट जाएगा." माणूस प्रामाणिकपणे सांगतो, पण सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते आणि जास्त उसळते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसेच. या वाकण्यातून आतमध्ये उष्णता साठते, रबर आणि आतले कापडाचे थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग तो फुटतो. नेमकी हवा असलेला टायर उन्हात थोडा फुगतो, तेवढी वाढ कारखानदाराने हिशोबात धरलेली असते. यमुना एक्सप्रेस-वेसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी सलग शंभरच्या वेगाने जाताना हा फरक जिवाचा आहे. शिवाय मघाशी सांगितलेले ३०० किलो हे पूर्ण हवेचे आहेत. हवा उतरली की ते ओझेही त्याला पेलत नाही.

हिवाळ्यात उलटे होते. हवा थंड झाली की दाब उतरतो. जूनच्या दुपारी ४२ अंशांत ३३ पौंड भरले आणि नंतर गेज लावलेच नाही, तर जानेवारीच्या पहाटे ७ अंशांत तीच हवा २८ च्या आसपास दिसते, तीही एक फुंकर गळाली नाही असे धरून. दिवाळीला निघणाऱ्यांनी म्हणून पावसाळ्यातल्या आकड्यावर विसंबू नये.

किती भरायची? गाडीच्या पुस्तकात आणि चेनजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, एकट्याचे वेगळे, डबल सीटचे वेगळे. जोडप्यांनी दुसरा आकडा पाळायचा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो रोज भरायचा नसतो. आणि मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. शंभर किलोमीटर गेल्यावर ढाब्यावर गेज लावून "अरे, चार पौंड जास्त झाले" म्हणून हवा सोडायची नाही, ती गरमीची वाढ आहे. नायट्रोजन भरावा का, असे विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन गेज घेतलेले बरे.

नवा टायर बसवल्यावर पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून. वरचा थर गुळगुळीत असतो, तो जरा घासला गेला की पकड येते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका. पंधरा दिवस आधी बदला आणि ऑफिसला चालवा. बसवताना बाणाची दिशा पाहा.

सरळ रस्त्यांचा आणखी एक परिणाम सांगायला हवा. आग्रा एक्सप्रेस-वे तीनशे किलोमीटर, वळण नावाला नाही. अशा रस्त्यांवर मधला पट्टा झिजून सपाट होतो, टायरचा गोलवा जातो. सरळ जाताना कळत नाही. मग कोणी मुलांना घेऊन काठगोदामवरून नैनीतालला चढायला लागला की पहिल्याच वळणावर गाडी नीट कलत नाही, एकदम कडेवर पडल्यासारखी होते. माणसाला वाटते हात गेला, पण तो टायर गेलेला असतो. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आले की टायर संपला. आपल्या मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खोबणीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. कायद्याला ती चालते, पण भर पावसात पाणी बाहेर फेकायला ती फार कमी आहे. पूर्ण गोटा होईपर्यंत थांबू नये.

पंक्चरचे थोडक्यात. ट्यूबलेसला खिळा घुसला तर लगेच उपटू नका, हवा हळूहळू जाते, दुकानापर्यंत पोहोचता येते. बाहेरून लावलेला दोरा हा तात्पुरता, पुढच्या शहरात टायर उतरवून आतून मशरूम लावून घ्या. बाजूला चीर गेली असेल तर दुरुस्ती नाही, टायरच बदलायचा. ट्यूबच्या स्पोकवाल्या चाकांत हवा एकदम जाते, त्यांनी जास्तीची ट्यूब सोबत न्यावी. नागपूरच्या पुढे समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा पुण्याकडे जाणाऱ्यांना जुन्या रस्त्यांनीच जायचे आहे, तिथे खड्ड्यांनी रिम वाकते. संध्याकाळी मुक्कामी पोहोचलात की चहाच्या आधी दोन्ही चाकांवरून हात फिरवा : खिळा, फुगवटा, चीर.

सिवनी ते नागपूर हा पेंचच्या जंगलातला टप्पा दिवसाउजेडी पार करा, हे टायरबद्दल नाही, पण सांगून ठेवतो.

गेज माझ्या पिशवीत आहे. पण आज रात्री लावून उपयोग नाही, तुम्ही सगळे गाडीवरून आला आहात आणि टायर गरम आहेत. उद्या सकाळी सातला मीच सेक्टरात फेरी मारतो. ज्यांचे जायचे ठरले आहे त्यांनी मी येईपर्यंत गाडी हलवू नये, आणि वहिनींनी सामानाचे वजन करून ठेवावे.