एक वेटोळं कापलं तर गाडी किती खाली बसते?

ऐकायला वेळ नाही, वाचूनच घेऊ म्हणणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर इथं देतोय. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत, कारण कानावरून गेलेले आकडे लक्षात राहत नाहीत.

विषय आहे स्प्रिंग कापण्याचा. गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त व्हॉइस मेसेज यावरच आले. एक मेसेज लोह्याचा आहे. पोरगा म्हणतो, "दादा, घरची स्विफ्ट आहे. लय उंच दिसायली. नांदेडात एक मिस्तरी पुढचे दोन-दोन वेटोळे गॅसनं कापून देतो म्हणालाय, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणे. कापू का?" त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी दुसऱ्या एका गाडीबद्दल बोलू, कारण ती समजली की स्विफ्टचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

लातूरला माझा एक मित्र आहे. मेकॅनिकलचा माणूस, एमआयडीसीत नोकरी. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये गाडी बनवतो. बाहेरच्या देशांत याला किट कार म्हणतात. लोटस कंपनीनं १९५७ पासून सेव्हन नावाची गाडी सुट्या भागांत विकली. खोका घरी न्यायचा आणि गाडी आपण जोडायची. आपल्याकडं असा खोका मिळत नाही. आपल्याकडं भंगारात मारुती ८०० मिळते. मित्रानं तेच केलं. तिचं ७९६ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट मागं नेलं, पाईपची चौकट वेल्ड केली, आणि पुढं त्याच ८०० चे स्प्रिंग आणि शॉकअप बसवले.

गाडी चाकांवर उभी केली आणि नाक वर! बैलगाडीत मागं जास्त माल भरल्यावर जू जसं वर उचलतं, तसं.

कारण सोपं आहे. ती स्प्रिंग बनवली होती इंजिनाचं वजन पेलायला. आता पुढं इंजिनच नाही. हिशेबासाठी गोल आकडे धरू. हे कंपनीचे आकडे नाहीत, समजायला धरलेले आहेत. मूळ गाडीत एका पुढच्या स्प्रिंगवर २०० किलो, नव्या गाडीत १२० किलो. स्प्रिंगचा कडकपणा धरा २ किलोला १ मिलिमीटर. म्हणजे पूर्वी स्प्रिंग १०० मिमी दबायची, आता ६०. नाक ४० मिमी वर येणारच.

शेडमध्ये जमलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच: कापून टाक की एक वेटोळं!

इथं थांबून स्प्रिंग म्हणजे काय ते बघू. स्प्रिंग ही एक लांब सळई आहे, फक्त गुंडाळलेली. तुम्ही ती दाबता तेव्हा आतली सळई वाकत नाही, पिळली जाते. लांब सळई पिळायला हलकी, तीच आखूड केली की जड. म्हणून वेटोळं कापलं की स्प्रिंग फक्त आखूड होत नाही, कडकही होते. किती? जितकी मोकळी वेटोळी उरली त्या उलट प्रमाणात. ६ मोकळी होती, १ कापलं, ५ उरली. कडकपणा ६ भागिले ५, म्हणजे २ चा २.४ झाला. सरळ २० टक्के वाढ. मोकळी वेटोळी म्हणजे जी एकमेकांना टेकत नाहीत ती. दोन टोकांची बसकी वेटोळी यात मोजायची नाहीत. पोरं नेमकी तीच मोजतात.

आता गाडी किती खाली येईल? रिकाम्या स्प्रिंगमध्ये दोन वेटोळ्यांतलं अंतर ४५ मिमी धरा. सगळ्यांना वाटतं गाडी ४५ नं खाली येईल. येत नाही. गाडी उभी असताना प्रत्येक वेटोळं आधीच १० मिमी दबलेलं आहे, त्यामुळं तिथं अंतर ३५ च आहे. कापल्यावर तेवढंच जातं. म्हणजे ३५. लक्षात ठेवायची गोष्ट ही: मोजपट्टी गाडी जमिनीवर उभी असताना लावा, स्प्रिंग बाहेर काढून टेबलावर नाही.

आणि हे ३५ स्प्रिंगपाशी. ८०० सारख्या गाडीत स्प्रिंग उभ्या शॉकअपवरच बसते, त्यामुळं चाकापाशीही जवळपास तेवढंच. पण तुम्ही पुढं दोन आर्म लावून स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्ये कुठंतरी टेकवली असेल, तर गणित बदलतं. स्प्रिंग ६० मिमी दबली की चाक १०० मिमी हलतं अशी मांडणी असेल, तर स्प्रिंगपाशी गेलेले ३५ चाकापाशी ५८ होतात. हे न तपासता एक वेटोळं कापलं की चौकट जमिनीला टेकायची वेळ येते. कापलेलं परत जोडता येत नाही. हो, वेल्ड करून देतो म्हणणारेही भेटतात. अशा मिस्तरीकडून चहा प्यावा आणि निघावं.

बरं, आमच्या गाडीत ४० हवे होते, ३५ मिळणार होते. जमलं की मग? दिसायला जमलं. पण दोन गोष्टी बिघडत होत्या.

पहिली, उसळी. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते, हे स्प्रिंग उभ्या गाडीत किती दबली आहे यावर ठरतं. १०० मिमी दबलेली असेल तर सेकंदाला साधारण १.६ वेळा. ६० दबली तर २. आणि कापून कडक झाली, १२० किलोला फक्त ५० दबली, तर २.२ च्या पुढं. घरच्या गाड्या १ ते दीडच्या आसपास ठेवतात, कारण पोटाला आणि पाठीला तेच सोसतं. म्हणजे गाडी हलकी झाली तेव्हा स्प्रिंग मऊ करायला हवी होती, आणि आपण कापून तिला आणखी कडक करायला निघालो होतो. उलट्या दिशेनं.

आता आपला मुलूख बघा. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता सुधारलाय, पण तो सोडून कुठल्याही गावाकडं वळा. त्या लाटांवर कडक स्प्रिंगची हलकी गाडी उड्या मारते. चाक हवेत असतं तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, आणि ती उभ्या गाडीत दिसतच नाही. जॅकवर गाडी उचला, चाक खाली लोंबू द्या. शॉकअप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या दोन बैठकांत २८० मिमी जागा आहे असं धरा. मूळ स्प्रिंग ३०० ची, म्हणजे तिथंही ती २० मिमी दाबूनच बसलेली. एक वेटोळं गेल्यावर उरली २५५. आता २५ मिमी मोकळी जागा. हातानं हलवली तर स्प्रिंग खुळखुळते. गाडी गतिरोधकावरून उडाली, चाक लोंबलं, स्प्रिंग बैठकीतून सरकली, आणि खाली येताना तिरकी बसली तर? एका बाजूला बसली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर गाडी कुठं ओढेल ते सांगता येत नाही. म्हणून कापल्यावर पहिली तपासणी हीच: जॅकवर उचलून स्प्रिंग हातानं फिरवायची. फिरली तर गाडी शेडबाहेर काढायची नाही.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. एक जुनी जोडी कापून बघितली, पण फक्त मापासाठी. शेडमध्येच. पद्धत ऐका, कारण ती कामाची आहे. स्प्रिंग गाडीतून काढली, काढताना स्प्रिंग कंप्रेसर वापरला. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाताचं हाड मोडते, तार बांधून काम भागवू नका. खडूनं पाव वेटोळ्याची खूण केली. ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावून कापलं, ओलं फडकं जवळ ठेवून. गॅस कटर नाही. स्प्रिंगच्या पोलादाला ठराविक तापमानाला पाणी दिलेलं असतं, ज्योत लागली की ते उतरतं. मग तो भाग एक तर महिनाभरात बसतो नाहीतर तुटतो. गाडीत बसवलेलीच स्प्रिंग गॅसनं लाल करून गाडी खाली आणायची, हा प्रकार तर त्याहून वाईट. कुठलं वेटोळं किती तापलं याचा हिशेबच राहत नाही.

कापायचं कुठल्या टोकाला? जे टोक खालच्या बैठकीच्या पायरीत नुसतं टेकतं, त्या टोकाला. ज्या टोकाची शेपटी आत वळवून बारीक केलेली असते ते तोडलं की स्प्रिंगला बसायला जागाच राहत नाही. आणि डावी-उजवी सारखीच. पाव कापलं, बसवली, गाडी चार फूट मागं-पुढं ढकलली, कारण जॅकवरून उतरल्यावर टायर आत ओढलेले असतात आणि गाडी खोटी उंच दिसते. मग मोजलं. चालवणारा सीटवर बसलेला, चारही टायरची हवा सारखी. असं चार वेळा.

चौथ्या वेळी उंची बरोबर आली आणि स्प्रिंग खुळखुळली, जसं गणितानं सांगितलं होतं तसं.

मग मित्रानं पुण्याकडून नवी जोडी बनवून घेतली. आमच्या धरलेल्या आकड्यांत सांगायचं तर कडकपणा १.४, मोकळी लांबी २९०. बघा गंमत: कापलेली स्प्रिंग २५५ ची, ही २९० ची, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर लांब. तरी गाडी तेवढ्याच उंचीवर बसते, कारण ही १२० किलोला ८६ मिमी दबते. चाक लोंबलं तरी १० मिमी दाबलेलीच राहते. उसळी १.७ वर आली. खाली बसवायला लांब स्प्रिंग लागली, हे शेडमधल्या मंडळींना अजून पटलेलं नाही. मऊ कशी करतात? तार बारीक करून. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो, म्हणून १२ मिमीची तार ११ केली तरी स्प्रिंग ३० टक्क्यांनी मऊ होते.

ही गाडी रस्त्यावर येत नाही. मित्राला ती नांदेडला एका कॉलेजच्या कार्यक्रमात दाखवायची होती. चालवत न्यायची की नाही यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी छोटा हत्ती भाड्यानं केला आणि त्यावर बांधून नेली. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी बरोबर होतो, आजही तेच म्हणतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची जीप तुम्हाला आठवत असेल. भंगारातून, साधारण ६० हजारांत, किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच वेळी लिहिलं की ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, म्हणून बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दिलीही. कौतुक खरं आणि अडचणही खरी. हे देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, जाता जाता सांगितलं.

नोंदणी झालेल्या गाडीला तर कायदा सरळ लागू होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ मापापासून गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच २४ असो नाहीतर एमएच २६, नियम एकच. आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

तर लोह्याच्या भावा, तुझी स्विफ्ट. तुझ्या गाडीतलं इंजिन पुढंच आहे, वजन कमी झालेलं नाही, म्हणजे मित्राच्या गाडीला कापायचं जे कारण होतं तेही तुझ्याकडं नाही. वरचेच आकडे धर: २०० किलो, ६ वेटोळी. दोन कापली की कडकपणा २ चा ३ होतो आणि गाडी साधारण ५७ मिमी खाली येते. तुझ्या गाडीचं पोट जमिनीपासून १६०-१७० मिमी वर असतं. उरले ११० च्या आत-बाहेर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर लांब, हळूहळू चढणारा. गावात लोकांनी रातोरात घातलेला गतिरोधक उंच असतो आणि वीतभर लांब. त्यावर पहिल्यांदा चेंबर फुटेल. ऑइल गळायला लागलं आणि कळलं नाही तर इंजिन.

शिवाय घरची गाडी म्हणतोस. म्हणजे आई-वडील बसणार, लग्नसराईत पाच जण आणि डिकीत सामान. वर दाबायची जागा आधीच ५७ नं कमी, मग प्रत्येक खड्ड्यात शॉकअप आतल्या रबरी गुटक्यावर आपटणार. चाकांचे कोन बदलल्यामुळं टायर आतून झिजतील, अलाइनमेंटवाल्याकडं ते पूर्ण बसेलच असंही नाही. आणि तुझा मिस्तरी कापणार गॅसनं. त्याला नाही म्हण. गाडी खरंच उंच वाटत असेल तर आधी टायरचं माप बघ, जुन्या मालकानं मोठे टायर टाकलेत का ते. तुझ्या मेसेजवरून मला तोच संशय येतोय. टायरच्या बाजूला छापलेला आकडा आणि दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा आकडा, दोन्हींचे फोटो पाठव.

पुढच्या भागात शॉकअप. गळका शॉकअप घरच्या घरी कसा ओळखायचा, ते.