दोनदा श्राद्ध, एकदा मृत्यू : लेफ्टनंट कर्नल धनसिंग थापा



परमवीरचक्राच्या इतिहासात एक विलक्षण नोंद आहे. पुरस्कार मरणोत्तर म्हणून घोषित झाला आणि मानकरी मात्र शत्रूच्या बंदिवासात जिवंत होता. त्या वीराचे नाव मेजर धनसिंग थापा.

१० एप्रिल १९२८ रोजी सिमल्यात जन्मलेले थापा १९४९ मध्ये आठव्या गोरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीत अधिकारी झाले. १९६२ मध्ये पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावरील सिरिजाप ठाणे त्यांच्याकडे होते. सुमारे १४,००० फूट उंची, हाताशी अवघे २८ जवान. ठाण्याला रसद पोहोचायची ती पाण्यावरून, नौकांनी. अशी एकाकी ठाणी नकाशावर शोभून दिसतात. ती राखायची कशी, याचे उत्तर नकाशा काढणाऱ्यांना द्यावे लागत नाही, जवानांना द्यावे लागते.

२० ऑक्टोबरला पहाटेच तोफा-उखळींचा भडिमार सुरू झाला आणि मागोमाग पायदळ चालून आले. पहिला हल्ला गोरख्यांनी परतवला, दुसराही परतवला. थापा खंदकाखंदकांतून फिरत जवानांना धीर देत होते. तिसऱ्या हल्ल्यात रणगाडे आले. दारूगोळा संपला, तेव्हा खुकरी उपसून ते खंदकाबाहेर पडले आणि हातघाईच्या झुंजीत पाडाव झाले. मदतीस निघालेल्या नौकांपैकी एक बुडाली. दुसरी कशीबशी परतली, ती ठाण्यावर कोणी वाचले नाही, ही वार्ता घेऊनच.

घरी उत्तरक्रिया उरकल्या गेल्या. पत्नीने वैधव्य स्वीकारले. इकडे बंदिवासात थापांचा छळ चालू होता. भारताविरुद्ध निवेदन द्यायला त्यांनी नकार दिला होता. मे १९६३ मध्ये ते परतले, तेव्हा धर्माच्या दृष्टीने ते मृत होते! पुरोहितांनी मुंडन करवून त्यांचे संस्कार पुन्हा केले, आणि स्वतःच्याच पत्नीशी त्यांचा दुसऱ्यांदा विवाह लावला. शास्त्राने अडवले नाही, वाट काढून दिली. हे आवर्जून लक्षात घेण्याजोगे आहे.

१९८० मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून ते निवृत्त झाले. उत्तरायुष्यात मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना ग्रासले. जो देह तोफांपुढे टिकला, तो रुग्णशय्येवर हळूहळू झिजत गेला. रणांगणावरील मृत्यूला मानवंदना असते, वृत्तपत्रांचे मथळे असतात. दीर्घ आजाराने गेलेल्या योद्ध्याच्या वाट्याला बहुधा आतल्या पानावरची चार ओळींची बातमी येते. सप्टेंबर २००५ मध्ये थापांनी देह ठेवला, तो आपल्या पुण्यातच. किती पुणेकरांना हे ठाऊक आहे?

शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव मिळाले, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातील एका बेटालाही. सिरिजापची भूमी मात्र आजही चीनच्या ताब्यात आहे.