तडीपार माणूस जातो कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच आहे.

चंद्रपूरच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: "सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार". वाचून गल्लीतल्या लोकांना हायसं वाटतं, आणि ते चुकीचंही नाही. ज्या बाईला रोज दारात शिव्या आणि धमक्या ऐकायला लागतात, तिला दोन वर्षं हा माणूस दिसणार नाही हीच मोठी गोष्ट असते. मला मात्र दरवेळी पुढचा प्रश्न पडतो. तो गेला कुठे?

तड म्हणजे काठ. आपल्याकडे हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो. ब्रह्मपुरीचा माणूस चंद्रपूर जिल्ह्यातून काढला, तर वैनगंगेवरचा पूल ओलांडला की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. वरोऱ्याचा माणूस वर्धा नदी ओलांडून वणीला जातो, तो झाला यवतमाळात. राजुऱ्याहून खाली उतरला की तेलंगणा. काही आदेशांत लगतचे जिल्हेही घालतात. पण त्याला सबळ कारण लिहावं लागतं. नुसती जिल्ह्यांची यादी लांबवली म्हणून हायकोर्टाने आदेश रद्द केल्याची उदाहरणं आहेत. आणि वडशात त्याच्या शेजारी राहणाऱ्या बाईला हा कोण, का आला, हे कोण सांगणार?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. हे कोर्ट करत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 56. आपल्याकडे आदेश काढतात ते बहुधा उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे तेच एसडीओ साहेब, ज्यांच्याकडे आपण जमिनीच्या कामाला जातो. पोलीस प्रस्ताव पाठवतात, कलम 59 खाली नोटीस निघते, माणसाला म्हणणं मांडायची संधी मिळते. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याला वाटावं लागतं. म्हणून जबाब गुप्तपणे, नावं झाकून घेतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. परवानगीशिवाय परत आला तर पुन्हा दोन वर्षांपर्यंत कैद. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत सरकारकडे अपील, आणि पुढे नागपूर खंडपीठ. न्यायाधीश या गोष्टीत शिरतो तो एवढ्या उशिरा.

नावं झाकलेले जबाब ही दुधारी सुरी आहे. खऱ्या गुंडाविरुद्ध गरिबाला दुसरा आसरा नसतो, हे मी कोर्टाच्या आवारात बसून रोज बघतो. पण गैरसोयीचा माणूस हटवायलाही हेच हत्यार चालतं. अमरावतीत माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्या, मदरशांच्या अनुदानाबद्दल तक्रारी करणाऱ्या एकाला एक वर्षासाठी तडीपार केलं होतं; ऑगस्ट 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. पाठोपाठ जानेवारी 2022 मध्ये जालन्याच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की हा असाधारण उपाय आहे, जपून वापरा, जुने गुन्हे उकरून चालणार नाही, आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर कारण लिहा. या निकालांच्या प्रती प्रत्येक एसडीओ कार्यालयात भिंतीवर लावायला हव्यात.

बरं, मग कोर्ट स्वतः नजर ठेवतं तेव्हा काय होतं? जामिनावर सोडताना अट घालतं: दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. चंद्रपूर शहरात ठीक आहे. पण समजा माणूस भामरागड तालुक्यातल्या आतल्या गावचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी. सिरोंचा ते गडचिरोली अंतरच दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोर्टात तारीख असली की एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा, मजुरी बुडते ती वेगळी. "नदी भरली होती जी" हे सांगायला वकील गाठावा लागतो, आणि तो गाठेपर्यंत वॉरंट निघतं. म्हणजे ज्याला पळायचंय तो पळतो, आणि चिखलात अडकलेला फरार ठरतो.

मोबाईलवरून ठावठिकाणा बघावा, असं कुणी सुचवतं. सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्येच सांगितलंय की आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट चालणार नाही. आणि एटापल्लीच्या आतल्या गावांत रेंज कुठे आहे, ते आधी सांगा.

गंमत बघा. ज्यांना सरकार सगळ्यात धोकादायक मानत होतं, त्यांच्याबाबत याच गडचिरोलीत उलटा मार्ग धरला. 2005 पासून आत्मसमर्पण योजना आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती आणि त्याच्यासोबत 60 जणांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. शरण आलेल्यांना हाकललं नाही, जवळ ठेवलं. पैसे दिले, काहींना कोनसरीच्या कारखान्यात काम मिळालं. यात राजकारण आहे, जाहिरातही आहे, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्यांना हे बघून काय वाटतं तो वेगळा, जड प्रश्न आहे. देखरेखही पोलिसांचीच. पण माणूस कुठे राहतो, काय खातो, हे तरी कुणाला तरी ठाऊक असतं. ब्रह्मपुरीहून वडशाला गेलेल्या माणसाबद्दल तेवढंही ठाऊक नसतं.

आणि हे फक्त शरणागतांसाठीच जमतं असं नाही. 1958 चा परिविक्षा कायदा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना त्याचं कलम 4 लागत नाही, हे खरं. पण बाकी दोषींना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, तीन वर्षांपर्यंत, कोर्ट परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं. अधिकाऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवायचं, कोर्टाला कळवायचं आणि गरज पडली तर काम शोधून द्यायचाही प्रयत्न करायचा, असं कायद्यातच लिहिलंय. पुढच्या वेळी तुमच्या ओळखीच्या वकिलाला विचारा, गेल्या वर्षभरात त्याने असा अर्ज किती वेळा केला.