दुधावाचून आइस्क्रीम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एक नवा पदार्थ सांगायचा, ही आपल्या मंडळाची पद्धत. यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे. मी काही वक्ता नव्हे. पण पदार्थाच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे, कारण पदार्थ तिच्यातूनच निघाला.

माझ्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे. सूनबाई पहिल्यापासून बजावीत असे, "आई, त्याला दूध, तूप, पेढा, काही देऊ नका." मला ते आजकालचे खूळ वाटे. दूध का कुणाला बाधते? गेल्या वर्षीच्या कोजागरीला सगळ्यांच्या हाती मसाला दुधाचे पेले, आणि पोर एकटे बाजूला बसलेले. मला राहवेना. सुनेची पाठ वळताच दोन चमचे पाजले. दहा मिनिटांच्या आत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, पोर धापा टाकू लागले. रात्रीच दवाखाना गाठला. वेळेवर इंजेक्शन मिळाले म्हणून निभावले. सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हा डॉक्टरांनी समजावले. दुधातली साखर न पचणे वेगळे. त्यात पोट फुगते, जुलाब होतात. ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनांशी शरीराचे वैर. तिथे थेंबभर दूधही जिवावर बेतू शकते.

उन्हाळ्यात तो आइस्क्रीम मागू लागला. बाजारात 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेले पाहून मी हरखले. पण सूनबाईने वेष्टन वाचून दाखवले. त्यात स्निग्धांश वनस्पतीचा, पण दुधाची भुकटी होतीच! तेव्हा भगिनींनो, नावावर जाऊ नका, घटक वाचा. मग काजू आणि नारळ त्याला चालतात ना, हे डॉक्टरांना विचारून घरीच करायचे ठरवले. काही मुलांना काजू-शेंगदाणेही बाधतात, म्हणून विचारणे जरूर.

एक वाटी काजू घ्या. तुकडा काजू चालेल, स्वस्त पडतो. चार तास भिजवून ते पाणी ओतून टाका. दोन वाट्या नारळाचे दाट दूध, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ, वेलदोडा व केशर घालून मिक्सरमध्ये गंधासारखे वाटा. बोटांत चोळून कण लागला तर पुन्हा वाटा. मग मिश्रण फ्रीजमध्ये चांगले गार करा.

माझा पहिला घाणा दगडासारखा झाला. काटकसर म्हणून साखर निम्मी घातली होती. साखर नुसती गोडीसाठी नसते. तिच्यामुळे सगळे पाणी गोठत नाही आणि आइस्क्रीम मऊ राहते. काजूत शंभर ग्रॅमला सुमारे 45 ग्रॅम स्निग्धांश असतो. तो सायीचे काम करतो.

संचा असेल तर भांड्याभोवती चार-पाच भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घाला. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि गोड मिश्रण तेवढ्यावर गोठत नाही. मिठाने तो पुष्कळ खाली उतरतो. वीस-पंचवीस मिनिटे फिरवा. फिरवल्याने बर्फाचे खडे बारीक राहतात. हाताने फिरवायच्या अशा संच्याचे पेटंट 1843 साली अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले होते, हे आपल्या मंडळात सांगायलाच हवे!

संचा नसल्यास पसरट डबा फ्रीजरमध्ये ठेवा. पाऊण तासाने कडा खरवडून घोटा. असे तीनदा करा. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढा. आंब्याच्या दिवसांत वाटीभर रस घाला. ज्यांना काजू परवडत नाही त्यांनी भाजून सोललेले शेंगदाणे भिजवून गुळाबरोबर वाटावेत. चिक्कीची चव येते. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मात्र भांडी निराळी ठेवा. माझ्या जुन्या संच्यात वर्षानुवर्षे दूध फिरले होते; त्याचे भांडे मी नवे घेतले.

यंदाच्या कोजागरीला आमच्या गच्चीवर मसाला दूध झाले नाही. सगळ्यांच्या वाट्यांत एकच पदार्थ होता. नातवाने विचारले, "आजी, हे माझं एकट्याचं नाही ना?" मी म्हटले, "नाही रे, सगळ्यांचं." तेव्हा कुठे त्याने चमचा उचलला. सूनबाईने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि माझ्या मनावरचे ओझे थोडे उतरले.

भगिनींनो, कृती विसरलात तरी चालेल. पण एखादी आई "माझ्या मुलाला हे देऊ नका" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. मी ठेवला नव्हता.