म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका: घोड्याच्या कुशिंग आजाराची पहिली लक्षणं

मी पशुवैद्यक आहे आणि गेली बरीच वर्षं बनारसच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या काठावर रामनगरला काम करतो. रामनगर म्हटलं की आपल्या लोकांना किल्ला आठवतो, महिनाभर चालणारी रामलीला आठवते, त्या लीलेला बग्घीतून किंवा हत्तीवरून येणारे काशीनरेश आठवतात. माझ्या रोजच्या कामातला घोडा मात्र वेगळा. तो लग्नाच्या वरातीतला असतो, नाहीतर टांग्याचा.

माथेरानला घोड्यावर पोट असलेले लोक हे ऐकत असतील, सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणलेले असतील, बेळगाव-इंदूरकडचे हौशी असतील. तुमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या पुढचा घोडा किंवा घोडी असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

आजाराचं नाव कुशिंग. माणसातला असाच आजार हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने 1932 साली सविस्तर मांडला, म्हणून ते नाव. घोड्यात प्रकार थोडा निराळा असतो, त्यामुळे आम्ही त्याला पीपीआयडी म्हणतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागावर मेंदूकडून येणाऱ्या काही नसांचा लगाम असतो. वय वाढतं तशा या नसा झिजतात आणि लगाम सैल पडतो. मग ग्रंथीचा तो भाग वाढतो आणि एसीटीएचसारखी संप्रेरकं गरजेपेक्षा जास्त सोडतो. हा आजार एका घोड्याचा दुसऱ्याला लागत नाही. तो दुर्मीळही नाही. ऑस्ट्रेलियात 15 वर्षांवरच्या घोड्यांची पाहणी झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात तो सापडला.

मग आपल्याकडे तो ओळखला का जात नाही? माझा अनुभव सांगतो, की सुरुवातीची लक्षणं आपल्याला लक्षणं वाटतच नाहीत. काही तर मालकाला गुण वाटतात.

घोडी एकदम शांत झाली. पूर्वी बँडच्या आवाजाने उसळायची, आता मान खाली घालून उभी राहते. मालक म्हणतो, शहाणी झाली. पोट सुटलं, तर म्हणतो, खाऊनपिऊन सुखी आहे. डोळ्यांच्या वर म्हाताऱ्या घोड्याला खळगे पडतात आणि बाजारात वय जोखताना लोक ते बघतात. या आजारात तिथे चरबी साठून खळगे भरतात, फुगतातही. लोक म्हणतात, वयाच्या मानाने तरुण दिसते. ही तीन कौतुकं एकाच घोड्याच्या वाट्याला आली, तर मी थांबून नीट बघतो.

सगळ्यात ओळखीचं लक्षण केसांचं. थंडीत घोड्याला दाट केस येतात आणि फाल्गुन-चैत्रात ते झडतात. खरारा केला की मुठीमुठीने निघतात. कुशिंगच्या घोड्याचे केस झडत नाहीत, अंगभर लांब आणि कुरळे वाढतात. पण ही पुढची पायरी झाली. त्याआधी एक-दोन वर्षं केस फक्त उशिरा झडतात, किंवा काही ठिकाणीच राहून जातात. जबड्याखाली, गळ्याच्या खालच्या बाजूला, पोटाखाली, पायांच्या मागे. बाकी अंग गुळगुळीत आणि जबड्याखाली दाढी, असं दिसलं की तारीख लिहून ठेवा. शेजारच्या घोड्याचे केस कधी झडले, तेही लिहा.

वरातीच्या घोड्यांत नेमकी हीच खूण पुसली जाते. लगनसराई आली की मालक मशीन लावून केस कापतात, शेपटीला मेंदी लावतात, वर झूल घालतात. केस उशिरा झडले की झडलेच नाहीत, हे कुणाला कळणार? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कापायचे तर कापा, पण आधी नीट बघा.

एक घोडी सांगतो. पांढरी, दातांवरून वीस वर्षांच्या आसपासची. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून महिनाभर खरमास असतो, तेव्हा लग्नं होत नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत चाचा तिला घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गल्लीतल्या दगडी फरशीवर वळताना अडखळते. वय झालं. वीटभट्टीवाला मागतोय, देऊन टाकू का?"

केस अजून कापलेले नव्हते. एप्रिल उजाडला होता, ऊन चटचट लागत होतं आणि घोडीच्या जबड्याखाली, पायांमागे थंडीतले केस तसेच होते. पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं, पोट मात्र सुटलेलं. चाचांना विचारलं, पाणी किती पिते? ते म्हणाले, "मुलगा कुरकुरतो, दोन बादल्या जास्त भराव्या लागतात." पुढचे खूर हाताला गरम लागत होते आणि खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं की नाडी ठणठण उडत होती.

हाच या आजाराचा खरा धोका. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी खुराला धरलेलं असतं, त्यांना इजा होते. घोड्याला उभं राहणंही नकोसं होतं. कुशिंगच्या बऱ्याच घोड्यांच्या रक्तात इन्सुलिनही वाढलेलं असतं आणि खूर बिघडण्याचं ते मोठं कारण. वरातीत नवऱ्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालतात, वर कुणी गूळ देतं. प्रेमाचा घास आहे, पण अशा घोडीच्या खुरांना तो परवडत नाही. गूळ, धान्य, गोड चंदी आधी बंद करायची.

नुसत्या नजरेवर निदान ठरवू नका. अंग उतरणं दात झिजल्यानेही होतं, जंतांनीही होतं. आपल्या देशात सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजारही घोड्याला असाच वाळवतो. ते आधी तपासायचं. मग रक्तातलं एसीटीएच. नमुना थंड ठेवून त्यातला द्रव भाग लवकर वेगळा करावा लागतो, म्हणून प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवावं. महिनाही महत्त्वाचा. पावसाळा सरता सरता, दिवस लहान होऊ लागले की निरोगी घोड्याचंही एसीटीएच वाढतं. इथे अनंत चतुर्दशीला रामलीला सुरू होते, ते हेच दिवस. अहवालातला आकडा त्या महिन्याच्या मापाने वाचला नाही, तर चांगला घोडा आजारी ठरतो.

चाचांच्या घोडीचा आकडा एप्रिलच्या मापाने बराच जास्त आला. या आजारावर परगोलाइड नावाचं औषध आहे. ते आजार मुळापासून घालवत नाही, लगाम पुन्हा आवळतं, आणि ते रोज, आयुष्यभर द्यावं लागतं. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची. सुरुवातीला घोड्याची भूक मंदावू शकते. आमच्याकडच्या दुकानांत ते मिळत नव्हतं आणि बाहेरून मागवायचा खर्च घोडीच्या कमाईत बसत नव्हता. आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. चाचांनी तिला वरातीतून काढलं, पण भट्टीवर दिलं नाही.

औषधाशिवाय जे करता येतं, ते सगळं केलं. दर सहा आठवड्यांनी खूर छाटले, खाली मऊ जमीन दिली. उन्हाळ्यात केस कापले, तेही वर्षभराची नोंद ठेवून. दात घासून सारखे केले, जंतांसाठी लीद तपासत राहिलो. अशा घोड्याची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे लहान जखमही धुऊन घेतली. स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी देऊ नये, हे चाचांनी घरात सगळ्यांना बजावलं, कारण त्याने खूर पुन्हा बिघडू शकतात. पुढचे दोन उन्हाळे घोडी चालतीफिरती राहिली. दुसऱ्या वर्षी रामलीलेच्या दिवसांत खूर पुन्हा पेटले. या वेळी दुखणं आवरेना, तेव्हा चाचांच्या संमतीने मी तिला शांतपणे झोपवलं.

विटा ओढत गेले असते ते दिवस तिने मऊ जमिनीवर काढले. औषध मिळालं असतं तर आणखी मिळाले असते. आणि हे सगळं दोन वर्षं आधी कळलं असतं, तर खूर पहिल्यांदा बिघडायच्या आधीच वाचवता आले असते. म्हणून तर हे बोलणं.

तुम्ही एवढंच करा. एक वही घ्या. होळीनंतर केस कधी झडले, पाण्याच्या बादल्या किती, पाठीचं मांस कसं आहे, वळताना पाय कसा टाकतो, हे महिन्यातून एकदा लिहा. दर महिन्याला त्याच जागी उभा करून, बाजूने एक फोटो काढा. तुमचा घोडा दुसऱ्याशी कमी आणि स्वतःच्याच मागच्या वर्षाशी जास्त ताडून बघा. शंका आली तर पशुवैद्यकाला ती वही दाखवा. जवळ कुणी नसेल, तर 1962 हा जनावरांच्या मदतीचा क्रमांक बऱ्याच राज्यांत चालतो. पंधरा वर्षं पुरी झाली, की तपासणी दरवर्षी.

काही विचारायचं असेल तर घोड्याचं वय आणि केस झडल्याचा महिना, एवढं आधी सांगा. पुढचं बोलणं सोपं जाईल.