उष्णतेचा हिशेब



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोते संतवाङ्मय, शिवचरित्र किंवा जगाचे राजकारण ऐकण्याच्या तयारीने येतात. आज आम्ही मात्र आपल्यापुढे विजेचे बिल आणि गॅसचा सिलिंडर घेऊन उभे आहोत. हा विषय व्यासपीठाला शोभत नाही असे कोणास वाटल्यास आम्हांला त्याचा राग नाही. परंतु ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, त्यांनीच या देशाच्या दारिद्र्याचे अर्थशास्त्र मांडले. घरखर्चाची चर्चा त्यांना परकी वाटली नसती, एवढ्या आधारावर आम्ही पुढे जातो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याची गंमत पाहा. वणी तालुक्यात राजूर, उकणी, निळजई येथे जमिनीच्या पोटातून कोळसा निघतो आणि वीजकेंद्रांकडे जातो. डोक्यावर असे ऊन तळपते की वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. शेतात कापूस संपला की पऱ्हाटीचे ढीग उभे राहतात. इतके इंधन असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने महिन्याचे बिल हाती आल्यावर कपाळाला हात लावावा, हे आश्चर्य आहे. दर ठरवणे आपल्या हाती नाही. मग आपल्या हाती काय आहे, एवढाच आजचा प्रश्न.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. एका उन्हाळ्यात आमचे बिल एकदम फुगले. आम्ही घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल असाच उपाय केला, म्हणजे मुलांना दिव्यावरून बोलायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात बिल तितकेच आले. तेव्हा एक वही घेतली आणि रोज दिवेलागणीला मीटरचा आकडा लिहू लागलो. महिन्याभरात त्या वहीने आमचे अज्ञान चव्हाट्यावर मांडले.

हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की प्रत्येकाला आपल्या घराचा हिशेब करता येतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर २७ युनिट होतात. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर ६० होतात. आणि दीड हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड रोज केवळ अर्धा तास लावला, तरी २२ युनिटांच्या वर जातात. ज्या दिव्यासाठी आम्ही मुलांचा अभ्यास नासवला, तो दिवा निर्दोष होता. विजेच्या घरात उजेड स्वस्त आहे, वारा मध्यम आहे आणि उष्णता महाग आहे. मग ती निर्माण करायची असो की घराबाहेर घालवायची असो.

दुसरी गोष्ट दरांच्या पायऱ्यांची. आपल्या राज्यात घरगुती ग्राहकाच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि पुढे आणखी चढता. म्हणजे १३० युनिट वापरणाऱ्याने ३० वाचवले, तर तो सर्वांत महागडे ३० वाचवतो. साधा पंखा काढून नव्या तऱ्हेच्या मोटरीचा, तीस वॅटच्या आसपास खाणारा पंखा लावला, की एवढ्याच वापरात महिन्याला १६ युनिट कमी होतात. पंखा महाग पडतो खरा. पण एका-दोन उन्हाळ्यांत वरचे पैसे निघून येतात.

आता ऊन. आपले पूर्वज मातीच्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात राहत, दारापुढे मांडव घालीत, वाळ्याचे पडदे भिजवीत. आपण सिमेंटची स्लॅब घातली, टिनाचे छप्पर घातले आणि मग त्या भट्टीत कूलर लावला! छप्पर तापू न देणे हे कूलर चालवण्यापेक्षा स्वस्त आहे. फाल्गुनातच गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत. टिनाखाली बांबूचे तट्टे बांधावेत. पश्चिमेच्या भिंतीला सावली करावी. कूलरचीही एक रीत आहे. तो कोरड्या हवेत पाणी मिसळून गारवा देतो; ती दमट झालेली हवा निघून जायला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. सगळे बंद करून कूलर लावला की खोली चिकचिकते, मग आपण त्याचा वेग वाढवतो आणि बिल मात्र वाढते.

स्वयंपाकघरात तर पदार्थविज्ञानच आपल्या मदतीला येते. पाणी एकदा उकळले की त्याखाली कितीही मोठी आच ठेवा, ते अधिक तापत नाही. केवळ वाफ होते. तीस अंशांचे पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणून वरण उकळले की आच बारीक करावी, भांड्यावर झाकण असावे, ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ नये आणि डाळ आधी भिजलेली असावी. आणखी एक उपाय या कापसाच्या जिल्ह्याला खास शोभणारा आहे. लाकडी पेटीत जुन्या गादीचा कापूस दाबून भरावा आणि मधे भांड्याएवढी जागा ठेवावी. भाताला चांगली उकळी येऊन पाच-सात मिनिटे झाली की झाकणासकट भांडे त्यात ठेवावे आणि वरून गोधडी घालावी. तासाभरात भात शिजतो, गॅस बंद असतानाच! थंडीत माणसाला ऊब देणारा कापूस भाताच्या भांड्यालाही तितक्याच इमानाने ऊब देतो.

येथवर सगळे सोपे होते. आता अवघड भाग सांगतो.

त्या वहीत एके महिन्यात गॅसचा खर्च बराच कमी दिसला. आम्ही आपल्या व्यवस्थेवर खूश झालो. नंतर कळले की आमच्या सौभाग्यवतींनी परसात जुनी चूल मांडली होती आणि सगळ्यांच्या अंघोळीचे पाणी त्या पहाटे उठून पऱ्हाटीवर तापवीत होत्या. खोकला लागला तेव्हा कारण उघड झाले. आमच्या वहीत जमा झालेले रुपये त्यांच्या छातीतून वजा झाले होते. ही आमची चूक होती, आणि ती आम्ही आपल्यासमोर मुद्दाम कबूल करतो. कारण अशा वह्या पुष्कळ घरांत आहेत.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गावोगाव गॅसची जोडणी पोचली. पण २०२२ च्या मे महिन्यात सिलिंडरची किंमत हजाराच्या वर गेली. अनुदान त्या मे महिन्यात २०० रुपये झाले, २०२३ च्या ऑक्टोबरात ३०० झाले. तरीही रोजमजुरीच्या घरात सिलिंडरचे पैसे एकदम काढणे सोपे नाही. सिलिंडर खाटेखाली जातो आणि बाई मोळीसाठी रानात जाते. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ च्या २ नोव्हेंबरला त्या वाघिणीला गोळी लागेपर्यंत रानात जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मोळी फुकट मिळते असे म्हणणाऱ्याने तिची किंमत त्या दिवसांत विचारायला हवी होती. पऱ्हाटीही आता पूर्वीइतकी फुकट राहिली नाही. तिच्या ढिगात गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून ती रचून ठेवू नका, असे शेतीखाते सांगते. आणि साध्या चुलीत शंभर भाग उष्णतेपैकी दहा-पंधराच भांड्याला लागतात. बाकीचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. बचत दोन प्रकारची असते. एकीत वाया जाणारी उष्णता वाचते; दुसरीत माणूस झिजतो आणि कागदावर बचत दिसते. पहिली काटकसर होय. दुसरी हाल होत, आणि त्यांना काटकसरीचे नाव देणे ही लबाडी आहे. ज्या घरात पंखा बंद करून म्हातारा तळमळतो, त्या घराचे बिल कमी झाले असेल. खर्च कमी झालेला नाही.

खरी अडचण अशी की वाचवण्याचे साधनच महाग असते. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटचे पटल आपल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देते, म्हणजे लहान घराची गरज भागते. पण ज्याला स्वतःची गच्ची नाही, जो भाड्याच्या टिनाखाली राहतो, त्याने काय करावे? येथे आमची एक सूचना आहे. आपल्या जिल्ह्यात गावोगाव महिलांचे बचत गट आहेत. त्यांनी शेळीसाठी, शिलाईयंत्रासाठी कर्ज दिले तसे कमी वीज खाणाऱ्या पंख्यासाठी, प्रेशर कुकरसाठी, सिलिंडर वेळेवर भरण्यासाठीही द्यावे. हप्ता वाचलेल्या पैशांतून फिटतो. एकट्या घराला जे जड जाते ते दहा घरांनी मिळून उचलता येते.

घरी गेल्यावर एवढेच करा. एक वही घ्या, महिनाभर मीटरचा आकडा लिहा आणि कोणते उपकरण किती खाते ते मांडा. परंतु त्याच वहीत एक रकाना आणखी आखा. हे वाचले ते कोणाच्या कष्टातून वाचले, ते त्यात लिहा. तो रकाना रिकामा राहिला, तर आपली काटकसर खरी ठरली असे समजा. तो भरलेला दिसला, तर मुलांचा दिवा जळू द्या, चूल विझवा आणि हिशेब पहिल्यापासून मांडा.